दारातला गजरा

मोटारीच्या दाराला पोट असतं. आपण दार उघडतो, बसतो, धाडकन लावून घेतो आणि विसरून जातो. सुवर्णा विधातेचा हात मात्र त्या पोटात कोपरापर्यंत जाऊन आलेला. काच ज्या फटीतून खाली सरकते, त्याच फटीतून माणसांचा संसारही थोडा थोडा आत पडत असतो. एसटीची तिकिटं, तुटके कंगवे, शेंगांची टरफलं, लहान मुलांनी मुद्दाम ढकललेली चॉकलेटची चांदी. एका वकिलाच्या गाडीत तिला बायकी डूल सापडला होता, एकच. तो तिनं ज्याचा त्याला परत दिला. वकिलाला दिला की वकीलबाईंना, हे मात्र तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यावर बरीच वर्षं चर्चा झाली.

तिचं माहेर मखमलाबादचं. घरचा मळा फुलांचा. मोगरा, शेवंती, गुलछडी, दसऱ्याला झेंडू. पोर चालायला लागायच्या आधी तिथं तिच्या हातात दोरा येतो. तिची आई कमळाबाई गजऱ्याच्या बाबतीत फार कडक. पोरींनी बांधलेला गजरा ती उजेडाकडं धरायची आणि म्हणायची, "ह्या दोन फुलांतून वारा जातोय. वारा गेला तो गजरा नव्हं. सोड, पुन्हा बांध." बोटांवर फास घ्यायचा, देठ धरायचे, दोरा ओढायचा. सुई लागत नाही. सुवर्णाचा हात असा बसला होता की तिचा गजरा जमिनीवर आपटला तरी पाकळी हलायची नाही.

पण तिला एका गोष्टीचा राग यायचा. पहाटे उठून बांधलेलं सगळं दिवेलागणीला निर्माल्य. देवाच्या गळ्यातलं असो की नवरीच्या वेणीतलं, दुसऱ्या दिवशी ते गोदावरीत नाहीतर उकिरड्यात. एकदा तिनं आईला विचारलंही होतं, "आपण बांधलेलं राहतं असं काहीच नाही का गं?" कमळाबाई म्हणाली, "राहिलं तर उद्या विकणार काय?" उत्तर बिनतोड होतं. म्हणूनच ते सुवर्णाला पटलं नाही.

त्र्याण्णव साली ती विधात्यांच्या घरी आली. तेही फुलवालेच. सासू मंगलाबाई फूलबाजारात स्वतःच्या जागेवर बसायच्या, आणि त्यांच्या जागेसमोर दुसऱ्या कुणी टोपली ठेवायची हिंमत केल्याचं ऐकिवात नाही. घरात फुलांना पाठ दाखवणारा एकच, दिनेश. झेंडूच्या ढिगाजवळ बसला की त्याला शिंका सुरू व्हायच्या. बापानं दोन-तीन दसरे वाट पाहिली, मग पोराला गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडं शिकायला घातलं. पुढं द्वारकेजवळ रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून त्यानं ‘विधाते ऑटो इलेक्ट्रिक’ अशी पाटी लावली. त्या काळात कुठलाही माणूस पाटीवर ‘ऑटो’ लिहिल्याशिवाय गाडीला हात लावत नसे.

सुरुवातीला काम म्हणजे हॉर्न, दिवे, डायनामो. पण नव्वदीच्या मध्यावर नाशिककराला गाडी घेतल्यावर समाधान वाटेनासं झालं. नवरी आणली आणि दागिनेच नाहीत, अशी कायतरी ती कळ होती. टेप पाहिजे, टेपचा आवाज चारी दारांतून यायला पाहिजे. गाडी मागं घेताना आरती वाजायला पाहिजे. मग सेंट्रल लॉक आलं: एका दाराला किल्ली फिरवली की बाकीची दारं आपोआप ‘खट्’. तो ‘खट्’ ऐकायला माणसं गाडी लावून दोन पावलं पुढं जायची आणि पुन्हा मागं येऊन किल्ली फिरवायची. मग काचा बटणावर. ह्या सगळ्याला वायर लागते, आणि ती गाडीच्या खांबातून दारात न्यावी लागते. कंपनीनं साध्या गाडीला तशी वाटच ठेवलेली नसायची. म्हणजे खांबाला भोक, दाराला भोक. नव्या गाडीला भोक पाडायचं म्हटलं की मालकाचा चेहरा असा व्हायचा, जसा कान टोचायला सोनारापुढं बसलेल्या पोरीच्या बापाचा. काहीजण अमावास्या टाळायचे. एकजण तर ड्रिल सुरू झालं की टपरीमागं जाऊन उभा राहायचा.

सुवर्णा ह्या धंद्यात आली ती डबा घेऊन.

त्या दिवशी ती शेडवर पोचली, तर ही गर्दी. मधोमध एक मारुती, तिचं दार आतून उघडं केलेलं, आणि त्या दाराच्या पत्र्यातल्या भोकात दिनेशचा उजवा हात मनगटाच्या वर अडकलेला. दिनेश उंचापुरा गडी, पंजा फावड्याएवढा. घातला तेव्हा गेला, निघताना हात सुजून बसला. आजूबाजूला सल्ले चालू.

"दिनूशेठ, दारच कापा," चहावाला म्हणाला.

"दार महाग पडंल. हात कापा," एक रिक्षावाला.

"हसा. तुमचा हॉर्न बंद पडू दे, मग बघतो मी," दिनेश.

"कुठल्या हातानं बघणार?"

सुवर्णानं डबा उघडला, लोणच्याच्या फोडी बाजूला केल्या आणि तेल त्याच्या मनगटावर ओतलं. गाडीचा मालक कळवळला, "अहो ताई, गाडीला लोणच्याचा वास येईल!" ती म्हणाली, "हात आतच राहिला तर कसला येईल?" हात निघाला. दिनेश फुंकर मारत बसला असताना तिनं सहज स्वतःचा हात त्या भोकात घातला. आत अंधार, थंड पत्रा, आणि बोटांना लागलेलं वायरीचं टोक. तिनं ते धरलं आणि खालच्या वाटेनं बाहेर ओढून नवऱ्यापुढं ठेवलं. दिनेश त्या टोकाकडं बघत राहिला. सकाळपासून तो त्याच्याच मागं होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा थोडा लवकर आणायला सांगितलं. आठवड्याभरानं डबा नसला तरी चालेल म्हणाला.

आता, दारातली वायर नुसती ओढून भागत नाही. ती आत बांधावी लागते, नाहीतर खाली येणारी काच तिला चेंगरते. सगळे चिकटपट्टी गुंडाळायचे. पण नाशिकच्या वैशाखात पट्टीचा डिंक पाझरतो आणि वायर लोंबते. सुवर्णानं माहेरचा दोरा आणला, त्याला मेण चोळलं आणि वायरी गजऱ्यासारख्या बांधायला घेतल्या. तोच फास, तीच ओढ. लाल, काळी, पिवळी, निळी, सगळ्या एका रांगेत, अंतरा-अंतरावर गाठ. दाराचं आवरण बसवण्याआधी लोक वाकून बघायचे. "अरे, गजराच की!" नाव पडलं. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "आपल्याला गजरा-फिटिंग पाहिजे." दिनेश ऐटीत म्हणायचा, "आमच्याकडं असंच करतो आम्ही."

आणि सुवर्णा? संध्याकाळी हात धुताना तिच्या मनात यायचं, आज बांधलं ते त्या दारात आहे. उद्याही असेल. कुणाला दिसणार नाही, पण ते कोमेजणार नाही, कुणी ते नदीत सोडणार नाही. सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त बरं वाटावं असं काम तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

मंगलाबाईंना ते पसंत नव्हतं. "बाजारात बसणं वेगळं. तिथं माणूस फुलाकडं बघतं. रस्त्यावर गाडीत अर्धी घुसून बसलेल्या बाईकडं माणूस कशाकडं बघतं, हे मला सांगायला लावू नको." बाई चुकीचं बोलत नव्हत्या. बघणारे होते. पण धंदा चालला होता, म्हणून त्यांनी बोलणं तेवढ्यावर ठेवलं. हे दीड-दोन वर्षं चाललं. पंचवीस-तीस गाड्यांची दारं झाली असतील.

नव्व्याण्णवच्या लग्नसराईत सायखेड्याहून चिमाजी आले.

चिमाजींचा भाजीपाल्याचा मळा. मारुती व्हॅन होती. एरवी तिच्यात मेथी-कोथिंबीर, सणावाराला माणसं. तिला सुवर्णानं सेंट्रल लॉक बसवून दिलं होतं. व्हॅन शेडसमोर थांबली, आणि बराच वेळ कुणी उतरेना. मग मागचं मोठं दार वर गेलं आणि भाजीच्या पोत्यांवरून सरपटत चिमाजी बाहेर आले. धोतराला पाला लागलेला.

"हे बघा," ते म्हणाले, "मी माझ्याच गाडीतून चोरावानी उतरतोय. पुढची दारं उघडाया जावं तर खट्. खुंटी वर केली, खट्. परत वर केली, खट्. लय झालं ना आता."

"या, बसा तर खरं," दिनेश म्हणाला.

"बसतो कसा! पोरीचं लगीन झालं मागल्या पंधरवड्यात. नवरदेव मारुतीच्या पारावरून ह्याच गाडीतून मांडवात आणला. फुलं लावली, झिरमाळ्या लावल्या. मांडवाच्या दारात गाडी आली, सवाष्णी ओवाळाया उभ्या, आन् दार उघडंना. आतून खुंटी वर करावी तर ती परत खाली. नवरदेव आत घामाघूम, बाहेर बँडवाला वाजवतोय. मुहूर्त चालला. शेवटी डिकीतून काढला त्याला. डोकं आधी. बाळंतपणासारखा!"

चहावाला हसू दाबत टपरीआड गेला.

"हसा, तुम्ही पण हसा. सगळं गाव हसलं," चिमाजींचा आवाज मात्र उतरला होता. "व्याही चारचौघांत म्हणला, आमचा पोरगा काय मेथीची जुडी हाय, मागून उतरवाया? मी हात जोडले. पण पोर गेली ना सासरी, तिला तिथं रोज टोमणे. डिकीतल्या नवऱ्याची बायको म्हणत्यात तिला. तिनं काय केलं होतं?"

दिनेशनं बायकोकडं हात केला. "ते दाराचं काम हिनं केलंय."

कौतुक होतं तोवर ‘आम्ही’ करत होतो. सुवर्णाच्या नावावर ते काम पहिल्यांदा लागलं ते असं.

घरी ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. मंगलाबाई फुलांच्या टोपल्या धूत होत्या. त्यांनी डोकं वर न करता सांगितलं, "झालं ना समाधान? उद्यापासून बाजारात माझ्याजवळ बस."

दिनेश गप्प होता. त्याच्या गप्प बसण्यात होकार होता, हे लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळायला लागतंच.

"बसते," सुवर्णा म्हणाली. "पण त्या व्हॅनचं दार मला आधी बघायचंय."

चिमाजी व्हॅन ठेवून एसटीनं गेले होते. सकाळी ती व्हॅनसमोर खाली बसली. दाराचं आवरण काढलं. तिचा गजरा जसाच्या तसा होता, एक गाठ सैल नव्हती. क्षणभर तिला बरंही वाटलं. मग तिनं दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं. ह्या वेळी ती दाराकडं न बघता बिजागरीपाशी बघत होती, जिथं वायर खांबातून निघून दारात जाते. तिथंही तिनं दोरा तितकाच घट्ट ओढला होता, दोन गाठींमधून वारा जाणार नाही असा. दार उघडलं की वायरीला सरकायला जागा नव्हती. ती दर वेळी तिथंच, नेमकी गाठीवर वाकत होती. तिनं दोरा कापला आणि वायर नखानं सोलली. आतली तांब्याची तार तुटून गेली होती, वरचं आवरण चिरून उरलेली टोकं पत्र्याला टेकत होती. टेकली की खट्.

गाठ सुटली नव्हती. सुटली असती तर वायर वाचली असती.

आईनं शिकवलेलं चुकीचं नव्हतं. फूल एकदा बांधलं की बांधलं. दार रोज उघडतं, रोज लागतं. बांधणाऱ्यानं ते ध्यानात ठेवायला पाहिजे होतं. आणि ती बांधत होती ते दार लावून. लावलेल्या दारात गजरा सुबक दिसायचा.

दिनेश आला तेव्हा ती तशीच बसली होती. तिनं तुटलेली तार त्याच्या तळहातावर ठेवली.

"मग? नवी टाकू. चिमाजींकडून काही घ्यायचं नाही. मिटलं."

"सगळ्या दारांत असंच बांधलंय मी."

"सगळ्यांत म्हणजे?"

"जेवढ्या केल्या तेवढ्यांत. आज नाही तर उद्या सगळ्या तुटतील. बोलावून घ्या त्यांना."

दिनेशनं आधी रस्त्याकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. "तुला वेड लागलंय का? स्वतःहून सांगायचं, या, तुमचं काम आम्ही बिघडवलंय? जो येईल त्याला देऊ करून. बाकीच्यांच्या तुटल्या तर म्हणतील, जुनी झाली गाडी."

"आणि एखाद्याची अशीच मांडवात तुटली तर?"

"दर गाडीत काय नवरदेव बसतो?"

"ते गाडीला कुठं माहीत असतं?"

हा वाद घरापर्यंत गेला. खरं तर सुवर्णाला स्वतःलाच ठाऊक होतं की ती आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेय. गप्प बसली असती तर चार महिन्यांनी सासूचा राग निवला असता, दिनेशचा हात पुन्हा कुठल्यातरी दारात अडकला असता आणि डब्याबरोबर तिला बोलावणं आलं असतं. आता तीच म्हणत होती की माझं सगळं काम वाईट आहे, गावभर सांगा. असं सांगितल्यावर तिला पुन्हा दाराला हात कोण लावू देणार?

निकाल मंगलाबाईंनी दिला. "जे बांधलंस ते तूच सोड. सगळं सुटलं की घरी. मग गाडीचं नाव काढायचं नाही. आहे कबूल?"

"आहे," सुवर्णा म्हणाली.

सगळ्यात आधी चिमाजींची व्हॅन झाली. ह्या वेळी तिनं दार सताड उघडून वायर मापली. खांबाच्या आत गाठ, दाराच्या आत गाठ, आणि मधे काहीच बांधायचं नाही. वायर तिथं सैल, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यातून नेलेली, म्हणजे कापली जाणार नाही आणि पाणीही शिरणार नाही. हाताला सवय नव्हती. तेवढा सैल भाग बघून तिचा जीव कासावीस व्हायचा, आईनं उजेडाकडं धरला तर काय म्हणेल! चिमाजींनी दार दहादा उघडून पाहिलं, मान हलवली. "आता जावईबापूंना पुढून उतरवतो," म्हणाले, पण हसले नाहीत.

बाकीची गिऱ्हाइकं शोधायची कशी, हा पुढचा घोळ. दिनेशचा हिशेब तोंडी आणि तोही विसराळू. मालकांची नावं सुवर्णाला ठाऊक नव्हती. तिला आठवायची ती दारांची पोटं. "निळी गाडी, दारात सुपारीची खांडं निघाली होती." दिनेश डोकं खाजवायचा, "सुपारी... हां, ते पंचवटीतले कंडक्टर!" "पांढरी, आत गणिताचा फाटका पेपर होता." "शिकवणीवाल्या बाई, गंगापूर रोड." असं करत करत माणसं सापडत गेली. पेट्रोल पंपावर, रिक्षा थांब्यावर निरोप ठेवले.

लोकांनी काय काय ऐकवलं. कुणी म्हणालं, ही धंदा वाढवायची युक्ती आहे. कुणी म्हणालं, चालतंय ते उघडू नका. मुंबई नाक्यावर गाड्यांच्या फिटिंगचं काचा लावलेलं मोठं दुकान होतं, त्याच्या मालकानं सगळीकडं पसरवलं की विधाते स्वतःच म्हणतात आमचं काम कच्चं. काही गिऱ्हाइकं तिकडं गेली ती गेलीच. दिनेश आठवडा-आठवडा तिच्याशी कामापुरतं बोलायचा. देवळाली कॅम्पात एक निवृत्त सुभेदार होते, आयुष्य तोफखान्यात गेलेलं. सुवर्णानं त्यांच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. ते कानामागं हात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे अजून उडालेलं नाही, त्याच्या आधी आलात?" ती हो म्हणाली. "मग रीतसर आलात. चहा घ्या." तेवढ्या एका चहावर तिनं पुढचे कित्येक नकार पचवले.

ज्या गाड्या आल्या, त्या दुसरंही काम घेऊन यायला लागल्या. दारातला गजरा सोडवून घ्यायला आलेला माणूस म्हणायचा, आता उघडलंच आहे तर काचा बटणावर करून द्या. पुढं नवीन, मोठ्या गाड्या आल्या, त्यांची दारं जड, आत मोटारी. मंगलाबाई अधूनमधून विचारायच्या, "किती राहिली?" सुवर्णा खरं तेच सांगायची. दहा-बारा. पाच-सहा. दोन. मुलगी दिशा शाळेत जायला लागली. आणि मग एकच गाडी राहिली, बदामी रंगाची मारुती. तिचा मालक बँकेतला, बदली होऊन गेला होता, गाडी कुणाला तरी विकून.

ती काही सापडेना. दोन वर्षं, तीन वर्षं. एक गाडी बाकी होती म्हणून सुवर्णा शेडवर जात होती. दिनेश कधी चेष्टेत म्हणायचा, "तुझ्या मनात ती सापडायला नकोच आहे." ती चिडायची, कारण ते थोडं खरं होतं. गिऱ्हाइकांत कुणी बदामी मारुतीचं नाव काढलं की तिला वाटायचं ऐकलंच नाही असं करावं, आणि तरी ती विचारायची, कुठली हो, कुठं बघितली?

दोन हजार चार साली कळवणचा एक जीपवाला हॉर्न दुरुस्त करायला आला. पाटी बघून म्हणाला, ह्या नावाचा स्टिकर आमच्याकडं एका मारुतीच्या मागच्या काचेवर आहे. बदामी. देवराम म्हणून आहेत, शेतीच्या औषधांचं दुकान.

दिनेशनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. सुवर्णाला ते दिसलं. पकड पुसून पिशवीत टाकत ती म्हणाली, "रविवारी जाऊ."

कळवणला एसटीतून उतरून दोघं देवरामांच्या दुकानावर गेले. गाडी बाजूलाच उभी होती, उन्हानं रंग उडालेली. देवराम खुर्चीवरून उठले आणि अहिराणी वळणानं विचारू लागले. "कोठेन उनात ताई? नाशिकहून?" सगळी हकीगत ऐकून त्यांना मौज वाटली. "लॉक? ते कधीच बंद पडेल शे. मी तर दोरी बांधस."

सुवर्णानं एकेक दार पाहिलं. चालकाच्या दारातल्या वायरी तुटलेल्या, बाजूच्याही तुटलेल्या. मागचं उजवं तसंच. डावं मागचं तिनं ओढलं. जागचं हललं नाही.

"ते उघडस नही," देवराम म्हणाले. "गाडी लिधी त्याच आठवड्यात ट्रॉली घासली. तव्हापासून बंद. दुसरी दारं शेत ना."

आतून बसून तिनं त्या दाराचं आवरण काढलं. आणि थांबली.

गजरा. खांबापासून बिजागरीतून दारापर्यंत, सबंध. दोऱ्याचं मेणही गेलेलं नव्हतं. लाल, काळी, पिवळी, निळी, जशा तिनं सात वर्षांपूर्वी ओळीत बसवल्या होत्या तशाच. कुठून वारा जाईल अशी फट नाही. असं घट्ट, असं देखणं तिनं त्यानंतर कधी बांधलं नव्हतं, बांधणारही नव्हती. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"बघू," दिनेशनं मान आत घातली. मग हळूच म्हणाला, "हे राहू दे की. ह्याला काय झालंय? दार उघडतच नाही, तर तुटणार कसं?"

"हो ना," ती म्हणाली. उरलं होतं ते एवढं एकच, आणि ते उरलं होतं ते कुणी दार उघडलं नाही म्हणून. मग तिनं देवरामांना विचारलं, "इथं पत्र्याचं काम करणारा कोण आहे?"

पत्रेवाला आला, ठोकठाक केली. दार मोठ्यानं कुरकुरत उघडलं. उघडताना सुवर्णानं दोरा ताणला जाताना पाहिला, आणि दार निम्म्यावर असतानाच हातानं धरलं. मग कात्रीनं एकेक गाठ तोडली. चारी दारांत नव्या वायरी टाकून, मधे सैल जागा सोडून काम संपायला उन्हं उतरली. देवरामांनी किल्ली फिरवली. चारी दारं एकदम खट्. देवराम दोन पावलं पुढं गेले आणि अर्थातच परत येऊन त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. निघताना पिशवीभर डाळिंबं दिली.

परतीच्या एसटीत वणी मागं पडली.

"आईला काय सांगायचं?" दिनेशनं विचारलं.

"जे झालं ते."

"म्हणजे तू उद्यापासून..." त्यानं वाक्य सोडून दिलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाहीतर असं करू. सांगू की ती गाडी नव्हतीच. दुसरीच निघाली. कोण जातंय कळवणला बघायला?"

सुवर्णा त्याच्याकडं वळली. चिमाजींपुढं हात करून ‘हिनं केलंय’ म्हणणारा हाच माणूस. आता त्याला तिच्यासाठी खोटं बोलायचं होतं, आणि तेही आईशी, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "गाडी सापडली म्हणूनच सांगा. आणि उद्या एका क्वालिस गाडीचं दार आहे, त्यांना मी दहाला बोलावलंय, तेही सांगा. एका गाडीच्या आडोशानं मला नाही बसायचं आता."

"मी सांगू?"

"मग कोण? आई तुमची आहे."

जेवताना दिनेशनं सांगितलं. अडखळत, भाकरीचा तोच तुकडा तीनदा आमटीत बुडवून, पण सगळं सांगितलं, क्वालिससकट. मंगलाबाईंनी ऐकून घेतलं आणि सुनेला विचारलं, "ते चौथ्या दारातलं तसंच होतं म्हणतो हा, ताजं?"

"हो, आई."

"आणि तू कापलंस?"

"कापलं."

मंगलाबाईंनी जन्मभर संध्याकाळची फुलं टाकून दिली होती. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. "मी नसतं कापलं," त्या म्हणाल्या, आणि उठून हात धुवायला गेल्या.

कबुलीचं काय, हे त्यांनी काढलं नाही. सुवर्णानंही काढलं नाही. रात्रभर तिला ते वाक्य नाराजीचं वाटलं, मग वाटलं नाही, मग पुन्हा वाटलं.

सकाळी मंगलाबाई फूलबाजारातून लवकर परतल्या होत्या. दिनेश अंघोळीला बसला होता. त्यांनी मोरीच्या दारावर थाप मारली.

"दिन्या, आटप. तो क्वालिसवाला दहाला येणार आणि तू इथं गाणी म्हणत बस. तिला उशीर होतोय."